काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही



दशलक्षण पर्व संपतं, पारणी होतात आणि क्षमावणीला सगळ्या जणी मंदिरात भेटतात. पूर्वी उपवास केलेल्या बाईला त्या दिवशी विचारलं जायचं, "प्रकृती बरी आहे ना?" गेली काही वर्षं त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न ऐकू येतो, "मग, किती किलो उतरलं?" विचारणारी कौतुकानंच विचारते. सांगणारीही हसून आकडा सांगते. पण हा किलो आपल्या तपात आला कुठून, असा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस होता. शोधत गेले तेव्हा एक मोठा इतिहास हाती लागला. तो इटलीपासून सुरू होतो आणि चारशे वर्षांनी आपल्या पुण्यात येऊन पोहोचतो. आपल्यासारख्या शाकाहारी, दिसायला बारीक असणाऱ्या बायकांसाठी त्यात फार महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

अठ्ठावीस घास

आहार मोजणं आपल्याला नवीन नाही. बाह्य तपाचे सहा प्रकार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन आणि कायक्लेश. यातले पहिले चार तर सरळ जेवणाशी जोडलेले आहेत. अवमौदर्य म्हणजे ऊनोदर, भुकेपेक्षा कमी जेवणं. पण कमी म्हणजे कशापेक्षा कमी? त्यासाठी पूर्ण जेवणाचं माप लागतं. शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथात ते दिलं आहे. पुरुषाचा पोटभर आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास. त्यातून एक घास कमी केला तरी ऊनोदर होतं आणि कमी करत करत एका घासापर्यंत जाता येतं.

या मापाबद्दल मला दोन गोष्टी लक्षात घ्याव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, हे माप रसनेवरचा राग कमी करण्यासाठी आहे, कंबर कमी करण्यासाठी नाही. आहार कमी करायचा तो स्वाध्यायात आळस येऊ नये आणि खाण्याची आसक्ती सुटावी म्हणून. दुसरी गोष्ट, सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' असा शब्द आहे. आपल्या शक्तीप्रमाणे तप. शेजारणीच्या शक्तीप्रमाणे नव्हे. हा शब्द पुढे पुन्हा लागणार आहे.

तराजूत बसलेला वैद्य

माणसाचं वजन रोज करून त्याची नोंद ठेवण्याची कल्पना सान्तोरिओ नावाच्या इटालियन वैद्याची. तो पादुआच्या विद्यापीठात शिकवायचा. त्यानं छताला मोठा तराजू टांगून त्यात खुर्ची बसवली आणि तीत बसून स्वतःचं वजन केलं. खाल्लेलं अन्न, प्यालेलं पाणी, मलमूत्र, सगळं तोललं. हे प्रयोग त्यानं अनेक वर्षं चालवले आणि १६१४ मध्ये त्यावर पुस्तक छापलं.

हिशोब काही केल्या जुळत नव्हता. पोटात गेलेलं अन्नपाणी ८ पौंड धरलं तर त्यातले सुमारे ५ पौंड कुठेतरी नाहीसे होत होते. सान्तोरिओनं अनुमान काढलं, की ते न दिसणाऱ्या घामावाटे आणि श्वासावाटे बाहेर पडत असावेत. आज आपल्याला माहीत आहे, की शरीरातली चरबी जळते तेव्हा तिचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं श्वासातून आणि उरलेला पाण्याच्या रूपानं निघून जातो. म्हणजे तराजूत बसलेल्या त्या वैद्याची दिशा बरोबर होती.

बर्फ, पेटी आणि कॅलरी

पुढचं पाऊल फ्रान्समध्ये पडलं. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि त्यानं सोडलेल्या श्वासातल्या वायूशी ताडून पाहिलं. मुक्या जिवाला असं ठेवलेलं वाचताना मला बरं वाटलं नाही, पण इतिहास आहे तो आहे. त्यातून निघालं ते असं, की श्वास हे एक संथ ज्वलनच आहे. चुलीत लाकूड जळतं तसं शरीरात अन्न जळतं.

लाव्हाझिएनं नंतर माणसांवरही श्वासाचे प्रयोग केले. त्या प्रयोगांची चित्रं त्याची पत्नी मारी-आन हिनं काढली आणि चित्रात टेबलाशी बसून टिपणं घेणारी बाई म्हणून स्वतःलाही रेखाटलं. लाव्हाझिएला १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत गिलोटिनवर चढवलं. त्यानंतर त्याचं राहिलेलं लिखाण तिनंच छापून आणलं. आहारशास्त्राच्या पहिल्या पानावर एक बाई वही घेऊन बसली आहे, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मग अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर आले. १८९० च्या दशकात त्यांनी वेस्लियन विद्यापीठात एक बंद खोली तयार केली. तिच्यात माणूस दिवसचे दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, सायकलसारखं यंत्र चालवायचा आणि बाहेरून त्याच्या शरीराची उष्णता मोजली जायची. आज पाकिटांवर छापलेले आकडे त्याच कामातून आले आहेत. १ ग्रॅम पिष्टातून ४ कॅलरी, १ ग्रॅम प्रथिनातून ४ आणि १ ग्रॅम स्निग्धातून ९. म्हणून ५ ग्रॅमचा एक चमचा तूप म्हणजे सुमारे ४५ कॅलरी.

अ‍ॅटवॉटर यांना वजन कमी करण्यात रस नव्हता. कष्टकऱ्यांना कमी पैशात पुरेसं अन्न कसं मिळेल, याची त्यांना काळजी होती. कॅलरी हे पोट भरण्याचं माप होतं. ते पोट आवरण्याचं माप झालं १९१८ साली, आणि ते केलं एका स्त्रीनं. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी बायकांसाठी एक पुस्तक लिहिलं. पावाचा तुकडा न म्हणता शंभर कॅलरी पाव म्हणायला शिका, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या महायुद्धात अन्न वाचवणं हे देशकार्य होतं, त्यामुळे कमी खाणाऱ्या बाईला देशभक्तीचंही पुण्य मिळायचं. त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. बाईच्या जेवणाला आकडा आणि आकड्याला अपराधाची भावना चिकटली, ती तेव्हापासून.

सरासरी माणूस

आता बीएमआयची गोष्ट. वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र कुणा डॉक्टरचं नाही. बेल्जियममधल्या केतले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं आहे. ताऱ्यांच्या मोजमापात सरासरी काढायची सवय असलेल्या या माणसानं १८३० च्या दशकात माणसांचीही सरासरी काढली. मोठ्या माणसांचं वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्याला दिसलं. त्याला लठ्ठपणा मोजायचाच नव्हता. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते पाहायचं होतं, आणि त्यानं मोजलेली माणसं युरोपातली होती.

पुढे १९४२-४३ मध्ये अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनं विमा उतरवलेल्या लोकांच्या आकड्यांवरून 'आदर्श वजनां'चे तक्ते काढले. ते जगभर दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. शेवटी १९७२ मध्ये अँसेल कीज या शास्त्रज्ञानं पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली, केतलेचं सूत्र त्यातल्या त्यात बरं ठरवलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्या सात हजारांत एकही स्त्री नव्हती आणि भारत त्या पाच देशांत नव्हता.

मी हे बीएमआयला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. लाखो लोकांचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. पण शिवणाऱ्या बाईला माहीत असतं, की एकाच मापाचा तयार ब्लाउज दहा जणींना चढतो आणि नीट बसतो दोघींनाच.

पाण्यात तोललेले खेळाडू

तक्ते निघाले त्याच सुमारास त्यांच्यातली खोट दाखवणारा एक प्रयोग झाला. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना हवेत तोललं आणि पाण्याखालीही तोललं. स्नायू पाण्यापेक्षा जड आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी. तूप पाण्यावर तरंगतं हे आपल्याला रोज दिसतंच. त्यामुळे दोन्ही वजनांतल्या फरकावरून शरीरात चरबी किती आहे याचा अंदाज काढता येतो.

त्या २५ पैकी १७ जण तक्त्याप्रमाणे इतके जाड ठरत होते, की त्यांना सैन्यात घेता आलं नसतं. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात चरबी फार कमी होती. वजन होतं ते स्नायूंचं. १९४२ मध्ये हे छापून आलं आणि एक साधी गोष्ट स्पष्ट झाली. काटा किती आहे ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. पाच किलो तूप आणि पाच किलो डाळ तराजूवर सारखीच.

मग याच्या उलटही होत असेल का? काटा कमी दाखवतो, पण आत चरबी जास्त, अशी माणसं असतील का? या प्रश्नाचं उत्तर पुण्यात मिळालं. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अहिंसेशी जोडलेली आहे.

उपाशी राहिलेले छत्तीस जण

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपासमारीनं खंगले होते. त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग आखला. बीएमआयला नाव देणारे तेच हे कीज. या प्रयोगासाठी ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. ते सगळे धर्मश्रद्धेमुळे किंवा सद्सद्विवेकामुळे बंदूक हाती घ्यायला नकार दिलेले होते. हिंसा करणार नाही, पण भुकेल्यांच्या कामी येऊ, अशी त्यांची भूमिका. ही माणसं जैन नव्हती, पण वाचताना मला ती आपली वाटली.

नोव्हेंबर १९४४ पासून १२ आठवडे त्यांना नेहमीचं जेवण दिलं. मग २४ आठवडे साधारण निम्मं, दिवसाला सुमारे १५७० कॅलरी, आणि आठवड्याला २२ मैल चालणं. सहा महिन्यांत त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं. पण वजनाबरोबर आणखी बरंच काही गेलं. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. हृदयाचे ठोके मंदावले. पावलं सुजली, केस गळले, चक्कर येऊ लागली. हसणं-बोलणं संपलं. मनात सतत खाण्याचा विचार. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे, ताटं चाटायचे. शरीरानं आपला खर्चही कमी केला होता. स्वस्थ बसल्यावर जळणारी ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी घटली होती.

खाणं पुन्हा सुरू झाल्यावर जे झालं, ते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. भूक शमेचना. गेलेली चरबी लवकर परत आली, उलट आधीपेक्षा जास्त झाली. स्नायू मात्र सावकाश भरले. १९५० मध्ये कीज यांनी हे सगळं दोन मोठ्या खंडांत छापलं.

एका दिवसाचा उपवास आणि सहा महिन्यांची अर्धपोट उपासमार यांची बरोबरी करू नका. श्रद्धेनं, तयारीनं केलेला उपवास वेगळा. मी बोलते आहे ते तपाच्या नावाखाली चालणाऱ्या डाएटबद्दल. महिनाभर एकाशनं करायची, त्या एका ताटात चहा, चिवडा, लाडू, पापड आणि दोन पोळ्या, डाळीला जागाच नाही. चार किलो उतरतात. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. नंतर जेवण पूर्ववत होतं आणि सहा महिन्यांत पाच किलो चढतात. ते पाच बहुतेक चरबीचे. दर वर्षी असं करणारी बाई पाच वर्षांनी वजनानं तीच दिसेल, पण आतून बदललेली असेल. जिना चढताना गुडघे तिला ते सांगतील.

पुण्यातला फोटो

माझी नणंद उंचीनं दीडशे सेंटिमीटर, वजन ४६ किलो. घरात सगळे तिला काडी म्हणायचे. लग्नकार्यात बायका तिला विचारायच्या, "तू काय खातेस गं, अशी राहतेस कशी?" एकेचाळिसाव्या वर्षी सहज केलेल्या तपासणीत तिची साखर खूप वाढलेली निघाली. घरात कुणाचा विश्वास बसेना. रिपोर्ट चुकला असेल म्हणून दुसरीकडे तपासलं, तिथेही तेच. मधुमेह जाड माणसांना होतो, हीच आमची सगळ्यांची समजूत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हे कोडं फार आधी पडलं होतं. त्यांच्याकडे येणारे मधुमेही इंग्रजी पुस्तकात लिहिलेल्यासारखे वयस्क आणि लठ्ठ नव्हते. ते तरुण होते आणि काट्यावर बारीक होते. १९९३ मध्ये त्यांच्या गटानं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या आया सरासरी ४२ किलो वजनाच्या, पाच फूट उंचीच्या, शेतात राबणाऱ्या.

त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोंची. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. इथपर्यंत नवल नाही. पण बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडीची चिमटी धरून जाडी मोजली तेव्हा ती जवळपास इंग्लिश बाळांएवढी निघाली. म्हणजे वजन कमी, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जपून ठेवलेली. २००३ मध्ये या गटानं त्याला नाव दिलं, बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ. आपल्या शरीराची ही ठेवण आईच्या पोटातच सुरू होते, हे त्यातून कळलं.

जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. यंत्रानं मोजलेली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. बेन्केच्या खेळाडूंच्या बरोबर उलट. त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हटलं, की आशियाई लोकांनी बीएमआय २३ झाला की सावध व्हावं, पाश्चात्त्यांसारखी २५ ची वाट पाहू नये. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी मापं ठरवली. बीएमआय २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, आणि कंबर स्त्रियांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत.

माझ्या नणंदेचा बीएमआय होता २०.४, सगळ्या तक्त्यांत उत्तम. कंबर भरली ८४ सेंटिमीटर. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलेलं. तिच्याकडे शिवणाची टेप होती, पण कुणी कधी लावली नव्हती.

ताटात काय होतं

त्या सहा गावांतल्या अभ्यासातली आणखी दोन निरीक्षणं आपल्या घराशी थेट जोडलेली आहेत.

एक, आईनं एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वाढीशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं ज्या आयांच्या खाण्यात जास्त होती, त्यांची बाळं मोठी होती. चातुर्मासात पालेभाजी न खाण्याचा नियम आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, त्यामागे जीवदया आहे आणि मी स्वतः तो पाळते. पण सून गर्भार असेल तर तिच्यासाठी काय करायचं, हे घरातल्या मोठ्यांनी महाराजांना किंवा माताजींना विचारून आधीच ठरवावं. बिचारी सून संकोचानं बोलत नाही. शक्तितस्तप हा शब्द तिच्यासाठीही आहे. काही नाही तर फळं आणि दूध तिला भरपूर मिळालं पाहिजे, आणि ते सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नको.

दोन, त्या आयांपैकी दोनतृतीयांश जणींच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या यांत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध आणि दुधाच्या पदार्थांतूनच मिळतं. ज्या आयांचं ब१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते. आपल्या समाजातल्या काही मुली आता गाईम्हशींवरच्या हिंसेचा विचार करून दूधही सोडतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण त्यांनी ब१२ ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यायलाच हवी. ती घेतल्यानं व्रताला कमीपणा येत नाही.

आपण काय करायचं

पहिलं, टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. ८० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. महिन्यातून एकदा पुरे.

दुसरं, वजन करा, पण आपल्या आकड्याशी ताडून. पाच फुटी, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय ५३ किलोला २३ होतो आणि ५८ किलोच्या आसपास २५.

तिसरं, प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ५५ किलोच्या स्त्रीसाठी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. आपल्या ताटात ती बसतात का, मी मांडून पाहिलं. एक पेला दूध ६ ते ७ ग्रॅम. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, १३ ते १४. भाकरी-पोळ्यांचं १२० ग्रॅम पीठ, सुमारे १२. एक वाटी दही, ५. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, ५ ते ६. बेरीज ४३ च्या आसपास, उरलेलं भात-भाजीतून येतं. म्हणजे कांदा-बटाटा न खाता, सूर्यास्ताच्या आत जेवूनही हे सहज जमतं. द्विदलाचा नियम असेल तर दही सकाळी नाश्त्याला घ्या आणि डाळ दुपारी. मोड आलेलं चालत नसेल तर कडधान्य भिजवून त्याची उसळ करा. जमत नाही ते एकाच कारणानं, डाळीची वाटी आधी सगळ्यांना वाढून आपल्या वाट्याला वरचं पाणी उरतं तेव्हा.

चौथं, स्नायूंना काम. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि नुसत्या चालण्यानं ते पुरेसे टिकत नाहीत. त्यांना भार लागतो. हात न टेकता जमिनीवर बसणं-उठणं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली करणं, मंदिराच्या पायऱ्या सावकाश चढणं. आठवड्यातून दोन-तीनदा, थोडं दमेपर्यंत. माझी नणंद आता हेच करते. औषधं चालू आहेत, डाळीची वाटी भरलेली आहे. तिचं वजन एक किलोनं वाढलं आणि कंबर ७९ वर आली. तिच्या डॉक्टरांना त्या वाढलेल्या किलोचा आनंदच झाला.

पाचवं, उपवास. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर एकाशनाचा किंवा उपवासाचा नियम घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि माताजींनाही आजार सांगा. एकाशन करणार असाल तर त्या एका ताटात डाळ, दूध किंवा पनीर आणि भाजी आधी, गोड नंतर. अवमौदर्य करायचं तर तळलेल्याचे आणि गोडाचे घास कमी करा, डाळीचे नको. रसपरित्यागात तूप, तेल, गूळ, साखर एकेका दिवशी सोडायची सोय आपल्याकडे आधीपासून आहेच.

लग्नाच्या वयाच्या मुली घरात असतील तर त्यांच्याशी हे आवर्जून बोला. स्थळं पाहताना 'बारीक हवी' असं सर्रास म्हटलं जातं आणि पोरी रात्रीचं जेवण सोडून, सकाळी नुसतं लिंबूपाणी पिऊन बारीक होतात. उद्या आई होणाऱ्या या मुली आहेत. पुण्याच्या त्या बाळांच्या पाठीवर मोजलेली चरबी आणि त्यांच्या अंगी नसलेले स्नायू, हा त्यांच्या आयांच्या ताटाचाही इतिहास होता. आपल्या नातवंडांचा इतिहास आज आपल्या मुलींच्या ताटात लिहिला जातो आहे. त्यांचं ताट भरलेलं राहील, हे पाहणं आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी ब१२ आणि लोह यांसाठी आपल्या नियमांत बसणारे पदार्थ लिहीन. तुमच्याकडच्या रीती मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.